काल काय झालं?

दुपारचे तीन वाजत आले, की भोसरी-चिंचवडच्या कुठल्याही कारखान्यात एक छोटा समारंभ पाहायला मिळतो. फर्स्ट शिफ्टचा कामगार कॉटनवेस्टनं हात पुसत मशीनपाशी उभा असतो. सेकंड शिफ्टचा कामगार येतो. जाणारा येणाऱ्याला मशीनचा ताबा देतो. टूल बदललंय, कूलंट टाकायला हवं, शेवटच्या लॉटमध्ये दोन नग रिजेक्ट गेलेत. येणारा मान डोलावतो. मग जाणारा निघणार, एवढ्यात येणारा हळूच विचारतो, 'बाकी, काल काय झालं?'

नव्या माणसाला वाटावं, काल युनियनची मीटिंग झाली असेल, नाहीतर ओव्हरटाइमवरून काही वाजलं असेल. तसं काही नसायचं. विचारणारा काल रात्री अकरापर्यंत मशीनवर होता आणि रात्रीची मालिका त्याला पाहता आली नव्हती. सांगणाऱ्यानं ती पाहिली होती. मग दोन मिनिटांत, यंत्रांच्या आवाजावर आवाज चढवून, आदल्या रात्रीचा भाग सांगितला जायचा. मी काही वर्षं अशा एका कारखान्यात नोकरी केली, तेव्हा हे रोज ऐकत होतो. त्या वेळी मला त्याचं हसू यायचं. आज वाटतं, या शहराच्या इतिहासातली एक महत्त्वाची गोष्ट माझ्या कानांवर पडत होती आणि मी ती टिपून ठेवली नाही.

मालिकांविषयीच्या गप्पा म्हणजे रिकामपणचा उद्योग, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. बायकांची तर त्यावरून किती चेष्टा झाली! पण या गप्पांकडे इतिहास म्हणून पाहिलं, तर निराळंच चित्र दिसतं. निदान पिंपरी-चिंचवडमध्ये तरी या गप्पा रिकामपणातून आलेल्या नव्हत्या. त्या आल्या कामाच्या वेळापत्रकातून.

आधी हे शहर कसं वसलं ते आठवू. पिंपरीला १९५४ साली सरकारी मालकीची हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन झाली आणि इथं पेनिसिलिनचा कारखाना उभा राहिला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आपली एमआयडीसी, स्थापन झाली. मग आकुर्डी, चिंचवड, भोसरीच्या माळरानावर स्कूटर, ट्रक, टेम्पो आणि त्यांचे सुटे भाग बनवणारे कारखाने आले. १९७० साली आसपासची गावं एकत्र करून नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका. १९९१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या पाच लाखांच्या थोडी वर होती. २००१ मध्ये ती दहा लाखांवर गेली आणि २०११ मध्ये १७ लाख २७ हजारांवर. दहा वर्षांत दुप्पट होणारं शहर पाळण्यांनी भरत नाही, ते एसटीनं भरतं. बीड, लातूर, उस्मानाबाद, बुलढाणा, जळगाव, सातारा, सांगली, कोकण, जिथून म्हणाल तिथून माणसं आली. एका जिन्यावर चार घरं आणि चारही घरांची बोली वेगळी, पदार्थ वेगळे, सण साजरे करण्याच्या रीती वेगळ्या.

आणि या सगळ्यांना बांधून ठेवणारं एकच वेळापत्रक होतं, ते म्हणजे पाळ्यांचं. फर्स्ट सकाळी सातला, सेकंड दुपारी तीनला, नाइट रात्री अकराला. कारखान्यागणिक अर्ध्या तासाचा फरक, पण हिशेब तोच. पाळी दर आठवड्याला बदलायची. भरीला, इथल्या अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसून गुरुवारी. विजेचा भार सगळ्या आठवड्यात वाटला जावा म्हणून ही व्यवस्था झाली आणि ती इतकी अंगवळणी पडली, की इथं साखरपुडे आणि बारशीसुद्धा गुरुवार पाहून ठरतात.

रामानंद सागर यांचं 'रामायण' दूरदर्शनवर जानेवारी १९८७ पासून जुलै १९८८ पर्यंत दर रविवारी सकाळी लागत असे. त्या वेळेला देशभर रस्ते ओस पडत, हे आपण अनेकदा वाचलं आहे. पण ज्याची सुट्टी गुरुवारी, तो कामगार रविवारी सकाळी शेडमध्ये उभा असायचा. घरी बायको, आई आणि मुलं टीव्हीसमोर, आणि कर्ता पुरुष कामावर. संध्याकाळी तो घरी आला, की सहा-सात वर्षांचं पोर धनुष्य ताणल्याचा अभिनय करत त्याला युद्ध सांगायचं. म्हणजे केबल यायच्या आधीपासूनच या पट्ट्यात मालिका दोन प्रकारचे लोक अनुभवत होते. काही जण ती पाहत होते आणि काही जण ती ऐकत होते.

ऐकण्याची सवय आपल्याला नवी नाही. कीर्तन ऐकलेला हा समाज. शंकर पाटील, द. मा. मिरासदार, व. पु. काळे यांचं कथाकथन ऐकायला माणसं सतरंजीवर मांडी ठोकून बसायची. आणि ज्या माध्यमातून मी आत्ता बोलतो आहे, त्या रेडिओनं तर मालिकेतल्या माणसांना घरातलं करून टाकण्याचा पाठ फार आधी घालून दिला होता. मुंबई आकाशवाणीच्या 'पुन्हा प्रपंच'मधले पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी आठवा. बाळ कुडतरकर, नीलम प्रभू आणि प्रभाकर जोशी यांचे ते आवाज. टेकाडे भावजी दिसायला कसे होते, कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि तरीही प्रत्येक चाळीत एकाला तरी 'टेकाडे भावजी' हे नाव पडलेलं होतं. पात्राचं नाव घेऊन शेजाऱ्याचं वर्णन करायचं, ही युक्ती मराठी माणसानं रेडिओपासूनच शिकून घेतली.

मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झालं आणि सिंहगडावरच्या प्रक्षेपणामुळे पुढच्या वर्षी पुणे परिसरात दिसू लागलं. त्यानंतर बरीच वर्षं एका वसाहतीत एखाददुसरा संच असे. चिमणराव आणि गुंड्याभाऊ पाहायला शेजारपाजारची मुलं चपला दाराबाहेर काढून बसत. तेव्हा गप्पा निराळ्या मारायची गरज नव्हती, कारण सगळे एकत्रच पाहत होते.

हिंदीत दूरदर्शनची पहिली मोठी कौटुंबिक मालिका 'हम लोग' ७ जुलै १९८४ रोजी सुरू झाली. तिच्यामागे एक मराठी माणूस होता, हे फार थोड्यांच्या लक्षात असतं. तत्कालीन माहिती व नभोवाणी मंत्री वसंत साठे १९८२ मध्ये मेक्सिकोला गेले होते. तिथं मिगेल साबिदो हा निर्माता घरगुती मालिकांमधून साक्षरता, कुटुंबनियोजन असे विषय लोकांपर्यंत पोचवत होता. ती कल्पना साठे यांनी इकडे आणली आणि मनोहर श्याम जोशी यांनी 'हम लोग' लिहिली. प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार यायचे आणि प्रेक्षकांशी त्या दिवशीच्या घटनेविषयी बोलायचे. लोकांनी त्यांना आणि दूरदर्शनला लाखो पत्रं पाठवली. मालिका संपल्यावर तिच्याविषयी बोलायचं असतं, हे जणू त्यांनी साऱ्या देशाला शिकवलं.

या धाग्याचं दुसरं टोक मोठं मजेदार आहे. मेक्सिकोच्या मालिकांचे पूर्वज म्हणजे क्युबातल्या रेडिओ मालिका. १९४८ साली हवानाच्या रेडिओवर फेलिक्स कैग्नेतची 'एल देरेचो दे नासेर' ही मालिका इतकी गाजली, की पुढे लॅटिन अमेरिकेत तिच्या कितीतरी आवृत्त्या निघाल्या. आणि रेडिओच्याही आधी त्याच हवानात १८६५ पासून सिगारच्या कारखान्यांत एक प्रथा पडली होती. कामगार पानं वळत बसायचे आणि एक वाचक उंच जागी बसून त्यांना वर्तमानपत्र आणि कादंबऱ्या वाचून दाखवायचा. त्याचा पगार कामगार स्वतः वर्गणी काढून देत. ड्यूमाची 'काउंट ऑफ माँटेक्रिस्टो' ही कादंबरी त्या कामगारांची इतकी लाडकी, की पुढे एका नामांकित सिगारला 'माँटेक्रिस्टो' हेच नाव मिळालं. तेव्हा कारखाना आणि क्रमशः चालणारी गोष्ट, यांचं नातं पिंपरीत जन्मलेलं नाही. ते सव्वाशे वर्षं जुनं होतं आणि फिरत फिरत एका कारखान्यातून दुसऱ्या कारखान्यात आलं.

आता केबलकडे येऊ. १९९१ साली आखाती युद्धाच्या बातम्यांनी मोठ्या शहरांत उपग्रह वाहिन्यांचं वेड आणलं. ऑक्टोबर १९९२ मध्ये झी टीव्ही सुरू झाला. गल्लीतला एखादा धडपड्या तरुण, ज्याचं आधी व्हिडिओ कॅसेटचं दुकान होतं, तो गच्चीवर डिश बसवायचा आणि विजेच्या खांबांवरून, आंब्याच्या फांदीवरून, या गच्चीवरून त्या गच्चीवर काळी वायर ओढायचा. १९९५ साली केबलसाठी कायदा झाला. पण मराठी घरांना केबल खरोखर हवीशी वाटली, ती मराठी वाहिन्या आल्यावर. १५ ऑगस्ट १९९९ ला अल्फा टीव्ही मराठी सुरू झाली. तिचंच नाव २००५ मध्ये झी मराठी झालं. जुलै २००० मध्ये ई टीव्ही मराठी आली, जी २०१५ पासून कलर्स मराठी म्हणून ओळखली जाते. त्याआधी १९९७ साली सह्याद्री वाहिनीवर 'दामिनी' ही मराठीतली पहिली दैनंदिन मालिका सुरू झालेली होती. प्रतीक्षा लोणकर यांनी रंगवलेली ती निर्भय पत्रकार पाहायला केबल लागत नव्हती आणि ती दुपारी लागत असल्यानं फर्स्ट शिफ्ट करून घरी आलेल्यालाही तिचा शेवट गाठता यायचा.

रात्रीच्या मालिकांचं तसं नव्हतं. 'आभाळमाया', 'प्रपंच', मग 'चार दिवस सासूचे', 'वादळवाट' या सगळ्या साधारण साडेसात ते दहाच्या दरम्यानच्या. पाळ्यांशी त्यांचा मेळ घालून पाहा. फर्स्टचा माणूस मालिका पाहू शकतो. नाइटचा माणूस डबा घेऊन निघण्यापूर्वी पाहू शकतो. सेकंडचा माणूस मात्र अख्खा आठवडा मुकतो. पाळी दर आठवड्याला बदलते, म्हणजे तीन आठवड्यांत एक आठवडा प्रत्येक कामगाराच्या मालिकेला भोक पडणार. साप्ताहिक मालिका असती तर एक भाग बुडाला असता. दैनंदिन मालिकेचे पाच बुडतात.

मालिकांच्या संथपणावर आपण सगळ्यांनी विनोद केले आहेत. एक थप्पड, तीन वेळा दाखवायची. एक बातमी, ती घरातल्या प्रत्येकाला स्वतंत्रपणे कळायची. पण पाळीवरच्या माणसाच्या बाजूनं विचार केला, तर हा संथपणा त्याच्या सोयीचाच होता. आठवडाभरानं परतलं तरी गोष्ट फार पुढे गेलेली नसायची. सुरुवातीला मागच्या भागाची आठवण, दुसऱ्या दिवशी दिवसा पुनःप्रक्षेपण, आणि मधलं जे राहिलं ते सांगायला माणसं. या तीन टेकूंवर एका कामगाराचं मालिका पाहणं उभं होतं. यातला तिसरा टेकू सर्वांत भक्कम होता.

आमच्या शेजारी बीडकडचं एक कुटुंब राहत असे. नवरा तिन्ही पाळ्या करणारा, दोन मुलं, आणि वहिनी. दोन खोल्यांची घरं, भिंती पातळ. नवरा सेकंडला असला, की रात्री साडेअकराला जिन्यावर त्याच्या सेफ्टी बुटांचा आवाज यायचा. मग भांड्यांचा आवाज, स्टोव्हचा आवाज आणि पाठोपाठ वहिनींचा हलका आवाज. भाकरी वाढता वाढता त्या 'आभाळमाया' सांगत असायच्या. नवरा मधूनमधून 'मंग?' म्हणायचा. सुधा जोशी ही त्या मालिकेची नायिका. सुकन्या कुलकर्णी यांनी उभी केलेली, शिकलेली, प्राध्यापकी करणारी बाई, आणि तिच्या संसारात नवऱ्याच्या, शरद जोशीच्या, दुसऱ्या संबंधामुळे आलेली उलथापालथ. टीव्हीवर ही माणसं शुद्ध, सुशिक्षित मराठीत बोलायची. आमच्या भिंतीपलीकडे मात्र सुधा बीडच्या बोलीत बोलत असे.

एकदा काय झालं, नवऱ्यानं दुसऱ्या दिवशी कामावर निघण्यापूर्वी तोच भाग पुन्हा लागला तेव्हा पाहिला. त्यात एका प्रसंगी सुधा नवऱ्यासमोर नुसती उभी राहते. आदल्या रात्री वहिनींनी सांगितलेल्या गोष्टीत मात्र तिनं त्याला चांगलं सुनावलं होतं. इतकी वर्षं घरासाठी काय काय केलं, त्याचा हिशेब मांडला होता. नवरा म्हणाला, 'तू तर म्हनलीस ती लई बोलली. ती तर गप हुबी हाय!'

वहिनी शांतपणे म्हणाल्या, 'नसंल बोलली. बोलाया पाहिजे व्हतं.'

दार उघडं होतं, मी जिन्यात उभा होतो. नवरा काहीच बोलला नाही. बूट घातले आणि बससाठी निघाला. त्या बाईंनी चार वर्षांत स्वतःच्या सासरविषयी, घराविषयी कुणापाशी एक शब्द उणा काढलेला मी ऐकला नव्हता. पण रोज रात्री भाकरी वाढताना त्या सुधाच्या तोंडून काय काय बोलत होत्या, ते त्या दिवशी मला उमगलं. कदाचित त्यांच्या नवऱ्यालाही.

पात्रांविषयी बोलण्याचा हा उपयोग मला सर्वांत मोठा वाटतो. परगावाहून आलेल्या बाईला इथं माहेर जवळ नाही, मावशी नाही, विहिरीवरची मैत्रीण नाही. शेजारीण ही काल-परवा ओळख झालेली. तिला 'माझा नवरा असा वागतो' असं सांगता येत नाही. पण 'शरदचं हे वागणं बरोबर आहे का?' असं विचारता येतं. शेजारीण काय उत्तर देते, यावरून ती कोणत्या विचारांची आहे, भरवशाची आहे की नाही, हे कळतं. हळदीकुंकू, भिशी, पाण्याच्या नळापाशी, पुणे-लोणावळा लोकलच्या बायकांच्या डब्यात असे संवाद मी कितीतरी ऐकले. त्यात नावं मालिकेतली असत आणि दुःख घरचं. ओळख पक्की झाली, की हळूहळू मालिकेतलं नाव गळून पडायचं.

'चार दिवस सासूचे'नं तर आणखी गंमत केली. २००१ पासून २०१३ पर्यंत ती चालली, तीन हजारांवर भाग झाले. आशाबाई देशमुख झालेल्या रोहिणी हट्टंगडी आणि अनुराधा झालेल्या कविता लाड. दोन खोल्यांच्या घरात सासू आणि सून एकाच संचासमोर बसून सासू-सुनेची मालिका बघताहेत, असा हा प्रकार. एक आजी आशाबाईंवर सडकून टीका करायच्या. सून गालात हसायची, कारण आजींचा स्वतःचा कारभार अगदी आशाबाईंसारखाच होता. पण टीका करता करता आजींना कुठंतरी ते जाणवत असावं. निदान त्या घरातली भांडणं मालिका चालू असताना तरी मालिकेतल्या माणसांवर निभावून जात.

पुरुष मात्र कबूल करत नसत. 'घरात लागलेलं असतं म्हणून नजर जाते' हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पण 'वादळवाट'मधला देवराम खंडागळे, शरद पोंक्षे यांनी रंगवलेला तो कारस्थानी माणूस, मालिका चालू असताना कितीतरी शॉपमध्ये सुपरवायझरच्या अंगाला चिकटला. 'आज देवराम राउंडवर आहे' असं म्हटलं, की सगळे आपापल्या मशीनवर हजर. टेकाडे भावजींची जुनी युक्ती इथं कामाला आली. ज्या माणसाविषयी उघड बोलणं धोक्याचं, त्याच्याविषयी मालिकेच्या आडून बोलता येतं.

या गप्पांच्या वाटेत सर्वांत मोठा अडथळा विजेचा. २००५ नंतर महाराष्ट्रात भारनियमन कडक झालं. ऐन प्रसंगाला दिवे जायचे. मग खालच्या वाण्याकडच्या एक रुपयाच्या फोनपाशी रांग. लातूरला बहिणीला फोन, 'तुमच्याकडं लाइट आहे का? मग सांग, काय झालं?' आणि गंमत अशी, की हा अडथळा दूर करण्यात याच कारखान्यांचा हातभार लागला. २००६ साली उद्योगांच्या सीआयआय या संघटनेच्या पुढाकारानं आणि वीज नियामक आयोगाच्या संमतीनं पुणे परिसरात एक योजना सुरू झाली. कारखान्यांनी आपली स्वतःची जनित्रं चालवायची, त्यामुळे वाचलेली वीज शहराला द्यायची आणि त्याचा जादा खर्च जास्त वीज वापरणाऱ्या ग्राहकांनी भरायचा. 'पुणे मॉडेल' म्हणून ते देशभर गाजलं. ज्या जनित्राच्या घरघरीत सेकंडचा कामगार उभा होता, त्याच्याच कृपेनं त्याच्या घरी बायको मालिका पाहत होती, आणि रात्री ती त्याला सांगणार होती. आसपासच्या खेड्यांत मात्र भारनियमन पुढेही कित्येक वर्षं चालूच राहिलं.

प्रेक्षकांच्या या बोलण्याची दखल मालिकावाले घेत होते का? कधी कधी घेत होते. 'क्योंकि सास भी कभी बहू थी' या हिंदी मालिकेतला मिहीर २००१ साली मेला, तेव्हा एवढा गदारोळ झाला, की त्याला जिवंत करून परत आणावं लागलं. पण एरवी कौल घेतला जायचा तो टीआरपीचा. त्यासाठीची मापनयंत्रं निवडक शहरी घरांत बसवलेली असत. खेड्यांतल्या घरांची मोजणी सुरू झाली ती २०१५ मध्ये, बार्क ही नवी संस्था आल्यावर. म्हणजे चाकणच्या पलीकडच्या वाडीवर पंधरा वर्षं बायका सुधा, अनुराधा, रमा यांच्यावर वाद घालत होत्या, आणि त्या वादाची नोंद कुठल्याही यंत्रात होत नव्हती.

आणखी एक गोष्ट बोलायला हवी. या लोकांनी मालिकांवर एवढा जीव लावला, पण मालिकांत ही माणसं कितीशी दिसली? प्रशस्त दिवाणखाना, गोल जिना, घरातही दागिने घातलेल्या बायका, कंपनीचे मालक असलेले नायक. मालकाच्या कंपनीत काम करणारा, पाळी बदलणारा, पीएफच्या पैशांतून बहिणीचं लग्न करणारा माणूस क्वचितच केंद्रस्थानी आला. उणीव मोठी होती. ती भरून काढली सांगणाऱ्यांनी. सांगताना तो दिवाणखाना आपोआप लहान व्हायचा आणि पात्रं आपल्यासारखी बोलायला लागायची. बोलींचं म्हणाल, तर पडद्यावर त्या ठळकपणे आल्या २०१६ च्या सुमारास. 'माझ्या नवऱ्याची बायको'तली राधिका नागपूरकडची, 'तुझ्यात जीव रंगला' कोल्हापूरकडची, 'रात्रीस खेळ चाले' मालवणीतली. आमच्या वहिनींनी ही सुधारणा पंधरा वर्षं आधीच करून टाकली होती.

दरम्यान कारखाने उत्तरेकडे सरकले. ज्या चाकणच्या संग्रामदुर्गानं १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांच्या नेतृत्वाखाली शाहिस्तेखानाला झुंजवलं, ज्या चाकणचा कांद्याचा बाजार प्रसिद्ध, त्याच्या आसपास १९९९ नंतरच्या दहा-बारा वर्षांत बजाज, फोक्सवॅगन, महिंद्र, मर्सिडीज-बेंझ असे मोठे कारखाने आले. तिथला कामगार बहुधा कंत्राटी, तरुण, एकटा. एका खोलीत पाच-सहा जण, कॉट बेसिसवर, जेवण खानावळीत. खोलीत टीव्ही नाही, पण प्रत्येकाच्या हातात मोबाइल. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झालं आणि मालिका खिशात आली. आता सेकंड शिफ्टचा मुलगा कामावरून सुटल्यावर बसमध्येच रात्रीचा भाग कानाला तार लावून पाहतो. त्याचा एकही भाग बुडत नाही.

सोय झाली, यात शंका नाही. पण भाग बुडत नाही म्हणून तो कुणाला विचारतही नाही. मागच्या बाकावरचाही विचारत नाही. दोघं एकच मालिका पाहत असतील आणि दोघांना ते माहीतही नसेल.

तरी बोलणं अगदी संपलं, असं म्हणणार नाही. डिसेंबर २०१९ ते नोव्हेंबर २०२४ या काळात स्टार प्रवाहवर 'आई कुठे काय करते' चालली. अरुंधती ही पंचवीस वर्षं घरासाठी राबलेली बाई, नवऱ्याचा दुसरा संबंध उघड झाल्यावर घराबाहेर पडते, घटस्फोट घेते, पुन्हा लग्नही करते. सुधानंतर वीस वर्षांनी तोच प्रश्न पुन्हा घरोघरी आला, 'हिनं काय करावं?' फरक उत्तरात होता. सुधाच्या वेळी जे उत्तर वहिनींनी पदरचं घालून सांगितलं होतं, ते अरुंधती पडद्यावर स्वतःच बोलत होती. मधल्या वीस वर्षांत लाखो घरांतून जे बोललं गेलं, त्याचा यात काहीच वाटा नसेल का? मला तरी तो आहे असं वाटतं.

मालिकांचे जुने भाग कुठंतरी साठवलेले सापडतील. कुणी काय भूमिका केली, किती भाग झाले, याच्या नोंदी राहतील. भाकरी वाढताना, मशीनचा ताबा देताना, नळापाशी उभं राहून जे सांगितलं गेलं, त्याची नोंद मात्र कुणाकडे नाही. ती आहे फक्त सांगणाऱ्यांच्या आणि ऐकणाऱ्यांच्या आठवणीत, आणि ती पिढी आता निवृत्त झाली आहे. म्हणून एक विनंती. आज घरी आई असेल, आजी असेल, शेजारच्या काकू असतील, त्यांना सहज विचारा, 'आभाळमाया'तल्या सुधाचं शेवटी काय झालं हो? त्या जे सांगतील ते मालिकेत घडलं होतं की नाही, हे तपासायला जाऊ नका. नुसतं ऐका, आणि मध्ये थांबल्या तर 'मग?' म्हणा.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)